शंभर टक्के निकाल, आणि बाकीचे अकरा

दिवाळीच्या सुट्टीत गेट-टुगेदर केलं नाही असा दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. यंदा आमचाही नंबर लागला. ग्रुपचं नाव ‘१०वी ब (२०१३)’. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, मुलींना एकाच रंगाच्या साड्या, मुलांना जॅकेटं, दारात अत्तर आणि गुलाबपाणी, सरांना फेटे... एकदम फिल्मी माहौल! निम्मी बॅच पुण्याहून आलेली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा. गळ्यातली आयकार्डं तेवढी घरी ठेवली होती.

शाळेचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, पण कंडक्टरच्या तोंडी अजून ‘नगर, नगर’च!) दक्षिण भागातल्या एका तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा, एवढं पुरे. बाबा बँकेत होते, त्यांची बदली झाली म्हणून मी तिथली.

तर, गणिताच्या सरांनी माइक घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं, ‘ही माझी शंभर टक्क्यांची बॅच!’ टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर. खोटं नव्हतं ते. आमच्या वेळी शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागला होता, दहावीचा निकाल १००%. आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून आलो होतो.

मग कुणीतरी लॅपटॉप जोडून जुने फोटो पडद्यावर लावले. आधी नववीचा ग्रुप फोटो. मग दहावीचा. शेजारी बसलेली मैत्रीण कोपर मारून म्हणाली, ‘अगं, दुसऱ्या रांगेतली ही बघ. ही दहावीच्या फोटोत कुठंय?’ आम्ही दोघी मोजायला लागलो. नववीत बासष्ट. दहावीत एक्कावन्न.

अकरा जण गायब. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) बारा-तेरा वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मीही त्यातच. ती दुसऱ्या रांगेतली मुलगी नववीत वर्षभर माझ्या बाकावर बसायची, तरी.

जेवताना सरांना गाठलं. ‘सर, नववीत आपण बासष्ट होतो.’ सर थोडा वेळ मठ्ठा पीत राहिले. मग म्हणाले, ‘बाळा, अपूर्णांक शिकवताना काय सांगायचो मी? वर अंश, खाली छेद. निकालात अंश सगळे बघतात. छेद कोण बघतंय?’

तिथून हा लेख सुरू झाला.

थ्रूआउट फर्स्ट क्लास

तुम्ही म्हणाल, दहावी होऊन जमाना झाला, आता त्याचं काय? जरा तुमचा पहिला जॉब आठवा. कॅम्पसला आलेल्या कंपनीच्या नोटिशीवर काय लिहिलेलं असायचं? दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे किमान साठ टक्के, मध्ये गॅप नको. थ्रूआउट फर्स्ट क्लास! इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन मिळवलेली पण दहावीत ५८ टक्के असलेली पोरं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून राहायची. पंधराव्या वर्षी, एखाद्या तालुक्याच्या गावात, पत्र्याच्या वर्गात लिहिलेले सहा पेपर अशा ठिकाणी येऊन भेटतात. आणि हे ज्यांनी पेपर लिहिले त्यांच्याबद्दल. ज्यांना लिहायलाच मिळाले नाहीत त्यांच्यासाठी तर नोटीस बोर्डपर्यंत जायचाही प्रश्न नाही.

आपल्याकडे शाळा ‘सरकारी’ म्हटली की डोळ्यासमोर जिल्हा परिषदेची शाळा येते. ती खरं तर चौथी-सातवीपर्यंतची, फार तर आठवीपर्यंत. नगर जिल्ह्यात त्यापुढचं हायस्कूल बहुतेक वेळा एखाद्या संस्थेचं असतं. शिक्षकांचा पगार सरकार देतं, कारभार संस्था बघते, फी जवळपास नाही. म्हणजे व्यवहारात तीच सर्वसामान्यांची सरकारी शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले इथे सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष या जिल्ह्यात इतका पसरलाय, की संस्थेच्या उत्तर विभागाचं ऑफिसच नगरला आहे. त्याशिवाय जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज आहे, हिंद सेवा मंडळ आहे, पाथर्डीत आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेतून उभी राहिलेली तिलोक जैन विद्यालयाची परंपरा आहे. शाळा कमी आहेत अशी तक्रार इथे करता येणार नाही. आणि इतिहास काढायचा तर मिस सिंथिया फरार यांच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. मुलींच्या शिक्षणात पुणेकरांच्या आधी नगरकर! (ही ओळ आमच्या ऑफिसमधल्या सदाशिव पेठी कलीगला मुद्दाम वाचून दाखवणार आहे.)

मग अडतं कुठे? तर पाण्यापाशी.

चार गोवे मावतील एवढा जिल्हा

क्षेत्रफळात नगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर. चार गोवे आत बसवा, तरी थोडी जागा उरते. १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाख ४३ हजार लोकसंख्या, त्यातले ऐंशी टक्के लोक खेड्यांत. साक्षरता ७९ टक्के. पण हे झाले सरासरीचे आकडे. नगरच्या माणसाला तुम्ही ‘नगरचा’ म्हणालात, तर तो लगेच विचारतो, उत्तरेचा की दक्षिणेचा?

उत्तरेची गोष्ट भंडारदऱ्यापासून सुरू होते. प्रवरेवरचं ते धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. पाट निघाले, पाटाखाली ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. पाठोपाठ संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर... सगळ्या पट्ट्याचं रूप पालटलं. कारखान्याच्या मागोमाग हायस्कूल आलं, हायस्कूलच्या मागोमाग कॉलेज. वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं ते १९८३ मध्ये. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी, अशी तीन इंजिनिअरिंग कॉलेजं एकट्या उत्तर नगरमध्ये निघाली! तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा, टिफिनमध्ये शेंगदाण्याची चटणी आणणारा टीम लीड यांपैकी एखाद्या कॉलेजचा असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. विचारून बघा.

दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा अवर्षणाचा पट्टा. कुकडीचं पाणी काही भागात पोचलं, मुळेचं शेवगाव-पाथर्डीच्या थोड्या भागात. बाकी भरवसा पावसाचा. ऊस इथे पिकत नाही, पण इथली माणसं ऊस तोडतात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला उसावर शाळा उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या टोकाला त्याच उसापायी वर्ग रिकामे व्हायला लागले. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. आमच्या वर्गातल्या मधल्या तीन बाकांवर दिवाळीनंतर कुणी नसायचं, एवढंच मला माहीत होतं. आम्ही तिथे दप्तरं ठेवायचो.

टक्क्यांचा फंडा

आता जरा आकड्यांकडे. फार नाही, दोनच मिनिटं!

निकालाच्या दिवशी टीव्हीवर जी टक्केवारी झळकते ती कशी काढतात? परीक्षेला बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांपैकी किती पास झाले, एवढाच हिशोब. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. नगर ज्यात येतं त्या पुणे विभागाचा ९४.८१. कोकण विभाग नेहमीप्रमाणे टॉपला, ९८.८२. झक्कास! पण त्याच वर्षी राज्यात साधारण साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि त्यातले अकरा हजारांहून जास्त परीक्षेला बसलेच नाहीत. ते नापासांतही नाहीत. टक्केवारीतून सरळ वजा.

दुसरा प्रकार सतरा नंबरचा. ज्यांनी शाळा सोडली त्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून बोर्डाने १७ नंबरचा फॉर्म ठेवलाय. वय चौदा पूर्ण, किमान पाचवी पास, जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, की बसा परीक्षेला. योजना फार चांगली आहे, कित्येक बायकांनी लग्नानंतर दहावी काढली ती याच फॉर्मवर. पण या मुलांचा निकाल वेगळा मोजतात. २०२५ मध्ये नियमित मुलांचा निकाल ९४ टक्के असताना खासगीवाल्यांचा ८०.३६ टक्के होता. आता एखाद्या शाळेला फ्लेक्सवर ‘१००%’ छापायचंच असेल, तर तिने काय करावं? नववीतच कच्ची मुलं बाजूला काढावीत, पालकांना बोलवावं आणि गोड शब्दांत सांगावं, ‘याला रेग्युलर झेपायचं नाही, सतरा नंबर भरा.’

आमच्या शाळेत हेच झालं होतं. सरांनी ते कबूल केलं, मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवत. ‘दोघांना मी स्वतः सांगितलं होतं. वरून प्रेशर असायचं. निकाल पडला की पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्या शाळेत जातात, तुकडी तुटते, शिक्षक सरप्लस होतो. माझीच नोकरी होती त्यात.’ सरांचा राग यावा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच सरांनी मला सुट्टीत घरी बोलावून फुकट भूमिती शिकवली होती.

आणि पास होणं किती लवचिक असतं तेही बघा. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले वीस तोंडी गुण काढून टाकले, निकाल थेट ७७.१० वर आला. २०२० ला अंतर्गत गुण परत आले (शिवाय लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही), निकाल ९५.३०! २०२१ ला परीक्षाच नव्हती, तर ९९.९५. मुलं तीच, मास्तर तेच. एका वर्षात राज्यातली पोरं बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं कुणी मानत असेल तर त्याला नमस्कार.

कॉपीचा विषय टाळता येणार नाही, पण त्यात फार रमावं असंही वाटत नाही. दक्षिणेतल्या काही केंद्रांची नावं दर फेब्रुवारी-मार्चमध्ये बातम्यांत येतात, खिडकीला लटकलेल्या दादा लोकांचे व्हिडिओ फिरतात, पुण्या-मुंबईत आपण हसतो. २०२५ ला बोर्डाने आधी गैरप्रकार झालेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांचे पर्यवेक्षक नेमले. चांगलंच केलं. पण जो मुलगा नोव्हेंबर ते मार्च वर्गातच नव्हता, त्याने एप्रिलच्या आत सहा विषय कुठून आणायचे, हा प्रश्न पर्यवेक्षक बदलून सुटत नाही.

कोयता निघाला

गेट-टुगेदरनंतर चार दिवसांनी मी माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची एसटी पकडली. करंजीचा घाट चढताना समोरून ट्रॅक्टर येत होते. प्रत्येकाला मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत संसार. पत्र्याची पेटी, हंडे, शेळी, गोधड्या, सरपण आणि सगळ्यांवर पोरं. दिवाळी झाली की टोळ्या हलतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, काही आपल्याच जिल्ह्यात उत्तरेला. परत येतात ती गाळप संपल्यावर, होळी-पाडव्याच्या सुमारास. बोर्डाची परीक्षा बरोबर त्याच्या आत येते.

हिशोब सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम दसऱ्याच्या आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत तोडायचं. दोघांपैकी एकजण मागे राहिला तर कोयता अर्धा, मग उचल अर्धी. त्यामुळे आई पोरांपाशी थांबेल, हे होत नाही. पोरं बरोबर जातात, नाहीतर म्हाताऱ्यांपाशी राहतात. धाकटं भावंड तान्हं असेल तर त्याला सांभाळायला थोरली मुलगी लागते. थोरली म्हणजे तेरा-चौदा वर्षांची. म्हणजे आठवी-नववी.

पाथर्डीच्या पुढे एका वस्तीवर निघायच्या तयारीत असलेली एक बाई भेटली. मी वही काढली तशी हसली. ‘लिवा ताई. दरसाल कुनीतरी येतंय लिवायला.’ तिची मुलगी नववीत. नेणार का बरोबर? ‘न्यायचं नव्हतं. पर इथं ठिवायचं कुनापाशी? सासूला दिसत नाय. वयात आलेली पोर, येकटी ठिवली अन् काय झालं तर मंग?’ मुलगी पेटीवर बसून इंग्रजीच्या पुस्तकाला कव्हर घालत होती. पुस्तकं बरोबर नेणार होती. ‘तिकडं शाळा असती का कारखान्यावर?’ तिने मलाच विचारलं.

साखर शाळा असायच्या, लहान मुलांसाठी. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तीही मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांची. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. पहिल्या टप्प्याच्या यादीत नगर जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड होते. त्या बाईला मी विचारलं, वसतिगृहाचं कळलं का? ‘कळलं की. नंबर लागाया पायजे.’ एवढं बोलून ती हंडे बांधायला गेली. मुलीची इंग्रजीची वही मात्र मी बघितली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे मी विनयाने लिहीत नाहीये.

‘यंदाही मुलींचीच बाजी’

ही हेडलाइन तर पेपरवाल्यांनी टाइप करूनच ठेवलेली असते. आणि ती खरी असते! २०२५ ला मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१. २०२४ ला ९७.२१ आणि ९४.५६. मुली पुढे असतात, दर वर्षी. मीही कॉलेजात असताना या विषयावर एक लेख लिहिला होता, नाव आठवलं तरी लाज वाटते, ‘गर्ल पॉवर’.

आता छेद बघा. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८५२. राज्यात ८९४. दहा वर्षं आधी, २००१ ला, जिल्ह्याचा आकडा ८८४ होता, म्हणजे खाली आला. ती ० ते ६ वयाची मुलं आता कुठे आहेत? साधारण २०२१ ते २०२७ या वर्षांतल्या दहावीच्या वर्गात! शंभर मुलग्यांच्या मागे पंच्याऐंशी मुली, ही या वर्गांची सुरुवात आहे. शाळेत पाऊल टाकायच्या आधीच पंधरा जणी फोटोत नाहीत. आणि यात पाण्याचं, उसाचं, दुष्काळाचं कारण देता येत नाही. सोनोग्राफी मशीन घ्यायला पैसा लागतो, तो दुष्काळाच्या गावात कमीच असतो.

त्यानंतर गळती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचात एक. गावात हायस्कूल नसेल तर मुलगी शेजारच्या गावी जाणार कशी, हा बापाचा पहिला प्रश्न. त्यावर एसटी महामंडळाचं एक साधं उत्तर आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास, आधी दहावीपर्यंत, नंतर बारावीपर्यंत वाढवलेला. योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचं. अहिल्याबाई मूळच्या याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. म्हणजे जिल्ह्याचं नाव बदलायच्या कितीतरी आधीपासून इथल्या पोरी त्यांचं नाव पासवर घेऊन फिरतायत. पास फुकट आहे, बस वेळेवर येते का ते विचारू नका. सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास बुडाले, आणि पहिल्या दोन तासांत बहुतेक शाळांत गणित आणि इंग्रजी असतं.

वीकेंडवाल्यांसाठी

तुमच्यापैकी निम्म्यांनी अकोले तालुका पाहिलाय, फक्त तुम्हाला तो नगर जिल्ह्यात आहे हे माहीत नसेल. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनवाडी, जूनमधले भंडारदऱ्याचे काजवे. ज्या घरात तुम्ही पिठलं-भाकरी खाता आणि ‘ऑसम’ म्हणून रिव्ह्यू टाकता, ते घर बहुतेक वेळा महादेव कोळी किंवा ठाकर समाजाचं. जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास, पण अकोल्यात जवळपास निम्मी लोकसंख्या आदिवासी. तिथली बरीच मुलं आश्रमशाळांत शिकतात, राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली. ज्या धरणाने उत्तरेची कॉलेजं उभी केली ते यांच्या डोंगरात आहे, पाट मात्र पुढच्या तालुक्यांत. पुढच्या ट्रेकला भाकरी वाढणाऱ्या पोराला कितवीत आहेस विचारा आणि मग सुट्टीनंतर शाळेत परत कधी जाणार तेही विचारा. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, दोन दिवसांत उरकायचा नाही, म्हणून इथेच थांबते.

एक गाव मात्र सांगायलाच हवं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी तुम्हाला अण्णा हजारेंमुळे आणि पाणलोटामुळे माहीत आहे. तिथलं हायस्कूल, संत निळोबाराय विद्यालय, वेगळ्याच कारणासाठी नावाजलं गेलं. दुसऱ्या शाळांत नापास झालेल्या, ओवाळून टाकलेल्या मुलांना तिथे आधी प्रवेश दिला जायचा. वसतिगृहात ठेवायचं, पहाटे उठवायचं, व्यायाम, अभ्यास, श्रमदान. फ्लेक्सच्या हिशोबाने बघितलं तर शुद्ध वेडेपणा! आमचे सर तिथे एकदा शिबिराला जाऊन आले होते. ‘आम्ही ज्यांना बाहेर काढायचो त्यांच्यासाठी ते अ‍ॅडमिशन फॉर्म छापायचे,’ म्हणाले. आणि मग विषय बदलून माझ्या लग्नाचं विचारलं.

दुसऱ्या रांगेतली

अकरा जणांचा शोध पूर्ण झालेला नाही. फोन, फेसबुक, कुणाचा भाऊ, कुणाची जाऊ, असं करत आठांचा पत्ता लागला. एकाच्या वडिलांची बदली झाली होती, तो आता नाशिकला मजेत आहे. दोघांना सतरा नंबर भरायला लावलं होतं. एकाने भरला, पास झाला, आयटीआय करून सुप्याच्या एमआयडीसीत आहे, दुसऱ्याने भरलाच नाही. तिघे तोडीला गेले ते परत वर्गात आले नाहीत. दोघींची लग्नं झाली. तिघांचं कुणालाच काही माहीत नाही, त्यांची नावंही आम्हाला मस्टरशिवाय आठवली नसती.

त्या दोघींपैकी एक, माझ्या बाकावरची. ती नगरजवळच्या एका गावात असते. मी फोन करून गेले, तिने आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि ‘अगं तू चष्मा कधी लावलास?’ म्हणून हात धरून आत नेलं. नववीच्या परीक्षेनंतर मे महिन्यात लग्न. तेव्हा सोळावं लागलं होतं. तिची मुलगी आता चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिष्यवृत्तीची तयारी आतापासूनच सुरू, पाढे तीसपर्यंत पाठ. चहा होईपर्यंत मुलीने ते सगळे म्हणून दाखवले.

‘गावात अंगणवाडीत जागा निघाली होती,’ ती म्हणाली. ‘मदतनीसची. सरपंच म्हणाले कागद आण. नववीचा कागद कुठं चालतोय?’

मी सतरा नंबरचं सांगितलं. ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, जवळचं हायस्कूल संपर्क केंद्र म्हणून टाकता येईल. तिने मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं. वर तारीख घातली, खाली रेघ मारली, अगदी शाळेत घ्यायची तसं. मग विचारलं, पुस्तकं बदलली असतील ना? बदलली, म्हटलं. भूमिती आहे का अजून? आहे. ‘मग सरांचा नंबर दे,’ ती म्हणाली. दिला.

निघताना मी म्हटलं, तुला ग्रुपवर अ‍ॅड करते, सगळे खूश होतील.

‘तो दहावीवाल्यांचा आहे ना?’ ती म्हणाली. ‘राहू दे आत्ता. पुढच्या वर्षी कर.’ आणि मुलीला मला स्टँडपर्यंत सोडायला पाठवलं. साडेपाचची एसटी सहा वाजून गेले तरी आली नव्हती.